ताट उचलायचे किती पॉइंट?

मुलाने दात घासले की पाच पॉइंट, ताट उचललं की दहा, दिवसभर बहिणीला मारलं नाही तर वीस, असा हिशोब ठेवणारी मोबाईल ॲप्स आता आपल्याकडेही घराघरात आलीयत. मालवण, कुडाळ, कणकवलीकडच्या आया एकमेकींना लिंक पाठवतात, काही ठिकाणी तर शाळेच्या पालकसभेतही सुचवलं जातं की घरी असं काहीतरी सुरू करा, मुलं ऐकायला लागतात. माझं मत आधीच सांगते. एखादी ठराविक सवय लावायला, थोडे आठवडे, ठीक आहे. घर चालवायची रीत म्हणून नको. मुलाने घरात कसं वागायचं याचे दर एकदा लागले की ते उतरवणं फार जड जातं, आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की आपल्या पोरांना घरात खरं असं काही कामच उरलेलं नाही, हे त्या पॉइंटच्या गर्दीत आपल्याला दिसेनासं होतं.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आईबाबांच्या फोनवर कामांची यादी असते, मुलाने काम केलं की टिक करायचं, कधी फोटो टाकायचा, मग आपण अप्रूव्ह दाबायचं. नाणी जमा होतात, त्या नाण्यांवर एखादा कार्टूनमधला प्राणी वाढतो नाहीतर बक्षीस घेता येतं. सलग सात दिवस केलं तर बोनस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, आणि दोन मुलं असतील तर कोण पुढे त्याचा तक्ता. पैसे भरले की अजून प्राणी, अजून बक्षिसं.

ही कल्पना मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका मनोरुग्णालयात आयलॉन आणि ॲझरिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी पेशंटना कामासाठी टोकन द्यायला सुरुवात केली, काम केलं की टोकन आणि टोकन देऊन हवी ती वस्तू किंवा सवलत घ्यायची. वर्षानुवर्षं बसून असलेली माणसं कामाला लागली, म्हणजे पद्धत चालते यात शंकाच नाही. पण त्याच प्रयोगात त्यांनी हेही तपासलं की काम न करता टोकन मिळायला लागली तर काय होतं, तर कामं झपाट्याने खाली आली. टोकन होतं तोवर काम होतं. मनोरुग्णालयात कदाचित तेवढंही पुष्कळ असेल, घरात ते पुरत नाही, कारण आपल्याला मूल पंचवीस वर्षांचं झाल्यावर त्याने आजारी आईला पाणी आणून द्यावं असं वाटत असतं आणि तेव्हा अप्रूव्ह दाबायला कोणी नसणार.

मे महिन्यातली एक गोष्ट सांगते, आमच्या वाडीतलीच. शेजारच्या घरी आमसुलं घातलेली, रातांब्याची सालं मिठाच्या रसात भिजवून खळ्यात वाळत टाकलेली, दोन-तीन पुटं झालेली. ज्यांनी केलंय त्यांना माहितीय की या टप्प्यावर त्यावर पावसाचं पाणी पडलं की बुरशी येते आणि सगळी मेहनत जाते. दुपारी साडेतीनच्या सुमारास वेंगुर्ल्याच्या बाजूने एकदम काळोख करून आलं आणि आजी आतून ओरडली, "रे बाबू, बेगीन सुपां आत घे, पावस इलो!" नातू पडवीतच बसलेला, सात वर्षांचा, चांगला शहाणा मुलगा, तो उठला पण पायरीवर थांबला आणि त्याने विचारलं, "आजी, ह्याचे किती पॉइंट? हे काम ॲपमध्ये नाहीये." आजीला पॉइंट म्हणजे काय तेच कळेना, ती गुडघे धरत स्वतःच खळ्यात आली, मीही कुंपणावरून धावले, निम्मी सुपं आत आली आणि निम्मी भिजली.

त्या मुलाचा यात काडीचा दोष नाही. त्याला चार महिने जे शिकवलं गेलं तेच तो बोलला. तो आळशी नव्हता, उलट यादीतलं प्रत्येक काम तो नेमाने करायचा, पण यादीबाहेरचं काम हे आपलं काम असतं हे त्याच्या डोक्यातून गेलेलं होतं. आणि कोकणातल्या घरातलं बहुतेक काम यादीबाहेरचंच असतं की हो. पाऊस कधी येईल, फणस कधी पिकून खाली पडेल, गुरं कधी कोणाच्या परड्यात शिरतील, पाहुणे कधी टपकतील, हे कुठल्या ॲपमध्ये आधी भरून ठेवणार?

यावर लोक म्हणतात की हे एका मुलाचं झालं. बरं, मग मोठे अभ्यास बघू. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग केला, तो या विषयात सगळ्यात जास्त सांगितला जातो. स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता शेवटी अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले आणि नुसतं बघत बसले, तर ज्यांना आधी बक्षीस कबूल केलेलं ती मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे खाऊ दिल्याने बिघडत नाही, खाऊचा करार केल्याने बिघडतं. आपल्या आज्या काम झाल्यावर हातावर गुळाचा खडा ठेवायच्या, तो आधी कबूल केलेला नसायचा.

आता दुसरी बाजूही आहे आणि ती मी लपवणार नाही. १९९४ मध्ये कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी बरेच अभ्यास एकत्र करून सांगितलं की बक्षिसाने आवड मरते ही भीती फुगवलेली आहे. मग १९९९ मध्ये डेसी, कोएस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोग एकत्र करून त्यांना उत्तर दिलं, की जे काम मुळात आवडीचं आहे त्यात कबूल केलेल्या बक्षिसाने आवड कमी होते, जे कंटाळवाणं आहे त्यात तसा फरक दिसत नाही. हा वाद बराच चालला. ॲपवाले याच शेवटच्या मुद्द्यावर बोट ठेवतात, की ताट उचलणं, केर काढणं, कपड्यांच्या घड्या हे कोणाला आवडतं, ते कंटाळवाणंच आहे, मग पॉइंट दिले तर नुकसान कसलं?

मला वाटतं इथेच आपली गल्लत होते, कारण ही कामं मोठ्यांना कंटाळवाणी वाटतात, लहान मुलाला नाही. दीड-दोन वर्षांचं पोर बघा, तुम्ही घावणे घालताय तर त्याला उलथनं हवं असतं, केर काढताय तर केरसुणीतला हीर उपसून पळतं, माश्यांची पिशवी आली की ती ओट्यापर्यंत ओढत नेण्यासाठी रडारड करतं. जर्मनीत वॉर्नेकन आणि टोमासेलो यांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केला. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू खाली पडायची आणि मूल आपणहून उचलून द्यायचं. ज्या मुलांना प्रत्येक वेळी खेळण्याच्या रूपात बक्षीस दिलं ती पुढे कमी मदत करायला लागली, ज्यांना काही दिलं नाही किंवा नुसतं छान म्हटलं ती तशीच करत राहिली. वीस महिन्यांची! म्हणजे मदत करायची हौस आधीपासून असते, आपण ती बाहेरून आणून घालावी लागत नाही.

आणि मग आपण काय करतो, तर त्याच्या हातातलं उलथनं काढून घेतो, सांडशील, भाजशील, माझा वेळ जातो म्हणून, आणि हे सगळ्या आया करतात कारण सकाळी सातला व्हॅन येते. असं चार-पाच वर्षं दूर ठेवल्यावर, मूल सहा वर्षांचं झालं की अचानक आपल्याला वाटतं की आता याने घरात हात लावायला हवा, तोवर त्याला कळून चुकलेलं असतं की हे घर माझ्याशिवाय व्यवस्थित चालतं, मला काम काय तर अभ्यास करणे. मग त्याला परत आणायला ॲप. बार्बरा रोगॉफ आणि तिच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या मूळनिवासी परंपरेच्या कुटुंबांचा बरीच वर्षं अभ्यास केलाय, तिथे मुलं कोणी न सांगता, मोबदल्याशिवाय घरकामात उतरतात, आणि त्याचं मोठं कारण तिथे लहानपणापासून त्यांना मोठ्यांच्या कामात शेजारी उभं राहू देतात, कामाचा थोडा विस्कोट झाला तरी. हे वाचताना मला मेक्सिकोपेक्षा आपलं गणपतीचं घरच डोळ्यासमोर आलं. गणपतीच्या वर टांगतात त्या माटवीला बांधायला हरणं, कवंडाळं, कांगण्या अशी रानातली फुलं-फळं आणायला पोरंच पुढे असतात आणि त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही, आरती झाल्यावर प्रसाद तर जो आला त्याला मिळतो, काहीच न केलेल्याला पण.

म्हणून मी म्हणतेय की खरा प्रश्न वागणुकीच्या आधीचा आहे. आपल्याकडे आता बागेतली कामं नेपाळी कामगार करतात, लाकडं भरायची गरज गॅसने संपवली, पाणी नळाने येतं, आणि हे सगळं चांगलंच झालं. पण त्याच्याबरोबर मुलाचं घरातलं स्थान गेलं, त्याच्या जागी काही आलं नाही. ॲपमधली कामं बघितली की कळतं. बेड नीट करा, खेळणी उचला, दात घासा, अभ्यास करा. यातलं एकही काम असं नाही की ते झालं नाही तर घरातल्या दुसऱ्या कोणाचं अडेल. त्याची खेळणी, त्याचे दात, त्याचा अभ्यास. सहा वर्षांच्या मुलालाही हे कळतं आणि म्हणून तो विचारतो, किती पॉइंट, तो प्रश्न त्याच्या जागी बरोबरच आहे.

पैशाबद्दल माझा गैरसमज करून घेऊ नका. आपली पोरं काजूच्या बिया वेचून दुकानात घालतात, मार्च-एप्रिलमध्ये शाळेतून आलं की पिशवी घेऊन कुंपणाच्या कडेने फिरतात, दुकानदार काट्यावर तोलून पैसे देतो आणि त्याचं आइस्क्रीम येतं नाहीतर क्रिकेटचा बॉल. यात मला काहीही वाईट वाटत नाही, उलट फार चांगलं वाटतं. बियांना बाजारात भाव आहे, मेहनत केली, किंमत मिळाली, हिशोब शिकला. बहिणीला न मारण्याला बाजारात भाव नाही आणि तो लावायचाही नसतो.

भाव लावला की काय होतं ते इस्रायलमधल्या हैफा शहरात दिसलं. पाळणाघरात पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे, तर ग्नीझी आणि रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी काही पाळणाघरांत दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की दहा शेकेल दंड लावून बघितलं, हा अभ्यास २००० साली छापून आला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी जवळजवळ दुप्पट झाला, कारण आधी बाईंना ताटकळत ठेवतोय याची लाज वाटायची, आता पैसे दिले की झालं. आणि दंड काढून टाकल्यावरसुद्धा उशीर तेवढाच राहिला. ही मोठी माणसं होती. घरातली मायनस पॉइंटची पद्धत याच जातीची आहे, मूल मनात हिशोब करतं की वीस पॉइंट गेले तर जाऊदे, आज बहिणीला एक ठेवून देतोच.

आता या आयांबद्दल. त्यांच्यावर टीका करणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बहुतेक संध्याकाळी सहाला घरी नसतात. आपल्याकडे कितीतरी घरांत नवरा मुंबईला, बोईसरला किंवा जहाजावर, सासू-सासरे थकलेले, दोन पोरं, ट्युशनची ने-आण, स्वतःची अंगणवाडीची किंवा बँकेची नोकरी. तिला संध्याकाळी सहाला घरात शांतता हवी असते आणि ॲप ती पंधरा दिवस तरी देतं. शिवाय ॲपमध्ये एक गोष्ट मला मनापासून आवडली, की मुलगा आणि मुलगी दोघांच्या नावापुढे कामं लिहिलेली दिसतात. आपल्या जुन्या घरांत सगळी पोरं राबायची असं जे कौतुकाने सांगतात ते अर्धंच खरं आहे, पाणी भरायला मुली, भांडी मुलींना, धाकटं भावंड सांभाळायला मुली, आणि त्यापायी शाळा सुटलेल्याही मुलीच, मुलगा जेवून ताट तिथेच ठेवून उठायचा आणि त्याला कोणी काही बोलायचं नाही, ऐकलं नाही तर फोकाने मार हीही तेव्हाचीच रीत. ते दिवस मला परत नकोत. यादी असावी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असावी, दोघांच्याही नावाची. फक्त तिच्यापुढे भाव नको.

पण बाहेरगावी असलेल्या बापाच्या हातात अप्रूव्हचं बटण देण्याची जी नवी सोय झालीय ती मला फार त्रास देते. त्याच शेजारच्या घरात वडील बोईसरला आहेत आणि ॲप दोन्ही फोनवर जोडलेलं, म्हणजे मुलगा काम करून फोटो टाकतो आणि वडील शिफ्ट संपल्यावर एकेक अप्रूव्ह करतात. त्या माणसाला मुलाच्या आयुष्यात राहायचंय म्हणून तो हे करतोय, त्याची तळमळ मला दिसते. पण रात्रीचा फोन मी ओट्यावर बसून ऐकलाय. आधी तो फोन शाळेत कोणाशी भांडण झालं, आज बाजारात बांगडे आले का, कुत्रीला पिल्लं किती झाली यावर चालायचा. आता मुलगा पहिलं वाक्य बोलतो ते, "बाबा, तुम्ही कालचे दोन अजून अप्रूव्ह नाही केलेत." लांब असलेल्या बापाकडे दिवसातून दहा-पंधरा मिनिटं असतात, ती तपासणीत गेली तर उरलं काय?

अजून दोन गोष्टी. बहुतेक घरांत पॉइंटच्या बदल्यात मिळतो तो स्क्रीन टाइमच, म्हणजे ज्या मोबाईलपासून मुलाला लांब ठेवायचंय तोच घरातली सगळ्यात भारी वस्तू म्हणून आपण त्याच्यासमोर ठेवतो. आणि मुलाच्या वागण्याची जी नोंद होते, रागावतो, खोटं बोलतो, अंथरूण ओलं करतो, ती कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी आणि मुलांच्या वागणुकीवर पाळत ठेवायची नाही असं लिहिलंय, पण आपण ॲप घेताना खाली न वाचता होय होय दाबत जातो आणि ती संमती होऊन बसते. पालकसभेत शाळा एखादं ॲप सुचवते तेव्हा हा प्रश्न तिथेच विचारायला हवा, आणि शाळेने घरातल्या वागणुकीसाठी असं ॲप सुचवू नये असं माझं म्हणणं आहे, तो तिचा प्रांत नाही.

वेगळी गरज असलेल्या मुलांचं मात्र वेगळं आहे. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि शांत बसणं जड जातं अशी अवस्था, असलेल्या मुलासाठी पालकांनी तक्ता करून, लगेच आणि ठरलेलं बक्षीस देणं हा उपचाराचाच भाग असतो, चार ते सहा वर्षांच्या अशा मुलांसाठी तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना औषधाच्या आधी पालकांचं असं प्रशिक्षण सुचवते. अशा घरातल्या आईने माझा लेख वाचून तक्ता बंद करू नये, डॉक्टर सांगतील तेच करावं. शी-शू ची सवय, अंधाराची भीती, इंजेक्शन, यासाठीही स्टार लावलेत तर काही बिघडत नाही. कलम बांधताना आपण प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळतो तसं हे आहे, जोड धरेपर्यंत ती लागतेच, पण धरल्यावर सोडली नाही तर तीच कलमाच्या गळ्याला आवळते. ॲपमध्ये ही सोडायची वेळ कधीच येत नाही, कारण आपण सोडलं की त्यांचं सबस्क्रिप्शन गेलं.

ज्यांच्या घरी आधीच सुरू आहे त्यांनी एका रात्रीत बंद करू नका, मुलाला ती फसवणूक वाटेल आणि ते बरोबरच असेल. जमलेले पॉइंट त्याला खर्च करू द्या, कबूल केलेलं सगळं द्या. त्याच वेळी त्याला एक काम द्या, एकच, पण असं की ते त्याने केलं नाही तर घरातल्या माणसाला खरंच जाणवेल. संध्याकाळी कोंबड्या झाकायच्या, आजीच्या गोळ्या आणि पाणी तिच्या हातात द्यायचं, जेवायला बसायच्या आधी सगळ्यांची पानं मांडायची. पहिले काही आठवडे वाईट जातील, विसरेल, चिडेल, पॉइंट मागेल, तेव्हा लेक्चर नको आणि मागून जाऊन ते काम आपण गुपचूप करून टाकणं तर अजिबात नको. पानं मांडली नाहीत तर सगळ्यांनी थोडं थांबायचं. फक्त आजीच्या गोळ्यांवर मागून लक्ष ठेवा, तिथे चूक परवडणारी नाही. आणि बाहेरगावच्या बाबांनी आपल्या फोनमधलं ते ॲप आधी काढावं, आईच्या फोनमधलं नंतर गेलं तरी चालेल.